सहा आत्मे, गोत्र काश्यप

शनिवारी संध्याकाळी संपदाने आपली गड्डी मोजली. चाळीस पत्त्यांतले सहा कमी होते, आणि सहाही आत्मे.

हे रमीचे पत्ते नव्हेत. बायबलवरचा अमेरिकी खेळ, संपदाच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये त्याला सगळे 'तारण' म्हणतात. खेळणारे दोघे. प्रत्येकाच्या गड्डीत बायबलमधले वीर, बायबलमधले खलपुरुष आणि सहा भरकटलेले आत्मे. आपला आत्मा हातात आला की टेबलावर मांडायचा. समोरचा वीर घेऊन त्याला सोडवायला येतो, आपण खलपुरुष आडवा घालायचा. समोरच्याचे चार आत्मे जो आधी सोडवेल तो जिंकला. बाकी गड्डी कशीही भरा, आत्मे सहा हवेतच. नाहीतर लोक एकही न ठेवता जन्मभर न हरता बसले असते.

इतर शिक्षिका दावीद, शमशोन असले दांडगे वीर भरायच्या. गणित शिकवणारी संपदा तेवढी भोळी नव्हती. तिने वीर मोजके घेतले, खलपुरुष ठासून भरले आणि आत्मे निवडून हट्टी घेतले. एक फक्त बाईच्या हातून सुटायचा, एक सुटला तरी परत गड्डीत शिरायचा. सगळी मेख त्या सहांत होती. त्यांच्या जोरावर ती पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोचली होती. रविवारी उपासनेनंतर शरणपूरकडच्या एका चर्चच्या हॉलमध्ये तिची गाठ होती एस्तेर साळवे मॅडमशी. या मॅडम तिच्याच शाळेत मराठी शिकवतात, दरवर्षी चषक नेतात आणि दरवर्षी ऐकवतात, "तुला कसली घाई, संपदा? तुमच्यात चौऱ्याऐंशी लक्ष योनी असतात." यंदा ते तोंड बंद करायचं, एवढंच संपदाला हवं होतं.

सासरे यज्ञेश्वर रामकुंडावर पिंडदानाचे विधी सांगतात. सून येशूचे पत्ते खेळते हे पंचवटीत कळू नये म्हणून घरातले सगळे वर्षभर 'संपदाचं ट्रेनिंग असतं' असं सांगत होते. सोवळं पाळणाऱ्या घरात खोटं बोलायला मात्र कुठलंच सोवळं लागत नाही.

"बाबा, माझे पत्ते पाहिलेत?"

"आत्म्यांचे ना? ते सुटले," यज्ञेश्वर म्हणाले.

झालं होतं असं. शुक्रवारी चष्मा शोधताना त्यांना ती गड्डी सापडली; पत्ते आजवर त्यांनी उघडून पाहिले नव्हते. काळोखात गुडघ्यांत डोकं घालून बसलेली माणसं आणि खाली इंग्रजी. त्यांनी मुलाला विचारलं. गौरांग ऑफिसच्या मीटिंगमध्ये, कानाला हेडफोन. भरकटलेले आत्मे आहेत, सोडवायचे असतात, तो म्हणाला. कुणी सोडवायचे, या प्रश्नावर त्याने स्क्रीनवरची नजर न काढता सांगितलं की जो आधी सोडवेल त्याने. चार पिढ्या ज्या घराचा हाच धंदा, तिथे असं उत्तर देऊ नये.

"आज सकाळी दर्भ, तीळ घेऊन रीतसर केलं," यज्ञेश्वर म्हणाले. "गोत्र माहीत नव्हतं, काश्यप लावलं. अडल्यावर काश्यपच लावतात."

"प्लास्टिकच्या कव्हरांसकट सोडलंत गोदावरीत?" सासूबाईंनी, सुधाताईंनी, आतून विचारलं.

"कव्हरं काढून. वाळत घातलीत."

खरंच, गॅलरीत त्यांच्या पंच्याशेजारी सहा कव्हरं चिमट्याला लटकत होती. संपदाने तीही मोजली.

एवढ्यावर भागलं असतं. पण घाटावर गल्लीतला सोमनाथ होता. हा पिंपळगावला कांद्याचे टेम्पो लावतो आणि उरलेल्या वेळात धर्म सांभाळतो. हे काय चाललंय, असं त्याने विचारलं होतं. यज्ञेश्वर खोटं बोलले नव्हते. ख्रिश्चनांचे सहा आत्मे सोडवतोय, असंच म्हणाले होते. सोमनाथने त्यातला 'आत्मे' तेवढा वगळला, कारण बातमीला तो अडचणीचा होता. रात्रीपर्यंत व्हॉट्सॲपवर फिरलं: रामकुंडावर सहा ख्रिश्चनांची घरवापसी.

रविवारी सकाळी तो शाल, नारळ आणि दहा-बारा पोरं घेऊन दारात हजर. "गुरुजी, एका दिवसात सहा म्हंजी लय झालं," म्हणत त्याने यज्ञेश्वरांना शाल पांघरली. मग त्याला त्या सहा जणांना हार घालायचे होते. यज्ञेश्वरांनी खरं सांगायला तोंड उघडलं, पोरांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि मिटलं. सुनेला ट्रेनिंगला सोडून येतो म्हणाले आणि शालीसकट तिच्या स्कूटरवर मागे बसले.

हॉलमध्ये साळवे मॅडमच्या फोनवरही तो मेसेज पोचला होता. उपासनेत त्यांनी दोनदा डोकी मोजली होती. सगळी जागेवर होती, म्हणून तर त्या जास्तच चक्रावल्या होत्या. शाल पांघरलेले गुरुजी दिसताच त्यांनी सरळ विचारलं, "आमचे सहा कोण हो?"

यज्ञेश्वरांनी सगळं सांगितलं, काश्यप गोत्रासकट. हॉलमधले लोक पोट धरून हसले. संपदा हसली नाही. जादा पत्त्यांच्या डब्यातले साधे आत्मे घेऊन खेळते, ती म्हणाली. मॅडमनी नियमांचं पुस्तक उघडलं.

"चार आत्मे आधी सोडवेल तो जिंकला. तुझे सहा यांनी सोडवले. म्हणजे तू हरलीस. अंतिम फेरीत हे बसतील."

"बाबा घरचे आहेत. समोरचे नाहीत."

"लग्न झालंय ना तुझं? सासरे समोरचेच."

संपदा पुढे काही बोलायच्या आत यज्ञेश्वर खुर्चीत बसले होते. बसा म्हटलं की बसायचं, ही धंद्याची सवय. तिने दात खात गड्डीत साधे आत्मे भरले, ती त्यांच्या हातात दिली आणि मागे उभी राहिली. अजून आशा होती. गड्डीत खलपुरुष खच्चून होते.

यज्ञेश्वरांनी पहिला आत्मा मांडला. मॅडम दावीद घेऊन आल्या.

"बाबा, गल्याथ टाका. हातातच आहे."

"कशाला?"

"अडवायला."

"सुटतोय तो. मी आडवा येऊ?" यज्ञेश्वर मागे वळून म्हणाले. "चार पिढ्यांत कुणी केलं नाही हे."

दुसऱ्या आत्म्याच्या वेळी ती कानाशी कुजबुजली, तिसऱ्याला तिने त्यांचा खांदा दाबला. चौथा तर त्यांनी स्वतःच उचलून मॅडमच्या हातात ठेवला आणि वर नमस्कार केला. गड्डीभर खलपुरुष कोरे करकरीत राहिले. चषक पुन्हा साळवे मॅडमकडे गेला.

यज्ञेश्वर उठले. खांद्यावरची शाल काढली आणि मॅडमच्या खांद्यावर घातली. "आज मी एकही सोडवला नाही. हा मान तुमचा." मॅडम पहिल्यांदाच गप्प झाल्या. संपदाने फोटो काढला.

घरी येऊन तिने वाळलेली कव्हरं काढून घेतली. मग तो फोटो साळवे मॅडमना पाठवला आणि खाली लिहिलं, "सातवी घरवापसी. अभिनंदन."

थोड्या वेळाने उत्तर आलं, "गोत्र?"

संपदाने लिहिलं, "काश्यप."