फायटरची सोबत

माझा मोठा भाऊ मासा विकत घ्यायला गेला की दुकानात स्टूल मागून बसतो आणि माशाची चौकशी करतो. आधी स्वभाव, मग खाणंपिणं, मग, "याच्याआधी कोणासंग राह्यला? तिथून काऊन काढला?"

हिंगणघाटचा दुकानदार आता त्याला लांबूनच ओळखतो. "काका, मासा पाहून राह्यले का जावई?"

"फायटरच्या टाकीत सोडाचा आहे. चौकशी कराच लागते," दादा म्हणतो.

दादा कापसाच्या जिनिंगमधून रिटायर झाला. वहिनी वारल्यावर त्यानं हा निळा फायटर मासा आणला. दिसायला झालरीचा राजा, पण दुसरा मासा दिसला की त्याच्या जिवावर उठणारा. तो एकटा पडला म्हणून दादाला चैन नाही. अकरा वर्षांपासून त्याच घरात मागच्या खोलीत मी राहते, पण ते वेगळं.

गप्पी नापास झाले. त्यांच्या शेपट्या रंगीत, फायटरला वाटेल दुसरा फायटरच आला. पट्टेवाले बार्ब झालरी कुरतडतात, ते दुकानातच नाकारले. एक काळी मोली पसंत पडली, तर दादानं तिला बरणीत घालून आठ दिवस ती बरणी टाकीत ठेवली. "आधी एकमेकाले पाहू दे. अंगावर धावते का, गाल फुगवते का, मले समजू दे." फायटरनं आठही दिवस गाल फुगवले. मोली परत गेली. शेवटी पास झाली ती गोगलगाय. तिला शेपटी नाही, आणि भांडण झालं तर ती आपल्या घरात शिरून बसते. मला तिचा हेवा वाटला.

माझ्या लग्नात चौकशी झाली ती एवढीच, की शेती किती आणि विहिरीला पाणी आहे का. चहा थंड व्हायच्या आत सुपारी फुटली. दोन वर्षांत मी परत आले. दादा "राह्य" म्हणाला. का आलीस, ते त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

परवा गिरडकडून माझे भासरे आले, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. नवऱ्याला लकवा मारला होता.

"भाऊ, शोभाले पाठवा. तो आता लई शांत झाला. त्याचं कराले कोणी नाई."

मी दाराआड उभी होते. दादाला पाहुण्यांना नाही म्हणता येत नाही, हे मला माहीत होतं.

"कोणता हात गेला?" दादानं विचारलं.

"उजवा."

"डावा चालते?"

"चांगला चालते. त्याच हातानं जेवते."

दादानं दाराकडे मान वळवली. "शोभे, तुले कोणत्या हातानं मारे?"

नवरा डावखुरा. दादाला एवढंही माहीत नव्हतं. भासऱ्यांसमोर मी तोवर एक शब्द बोलले नव्हते.

"डाव्या," मी म्हटलं.

"मंग शांत कुठं झाला?" दादा त्यांना म्हणाला. "चहा घ्या आन् निघा. शोभा येणार नाई."

ते गेल्यावर दादानं कपबशा उचलल्या आणि मोरीत बसून स्वतः घासल्या. वहिनी होती तेव्हा त्यानं कधी कप हलवला नव्हता. माझ्याकडे त्याची पाठ होती.

"मी तवाच इचाराले पाह्यजे होतं," तो म्हणाला.

अशा वेळी "जाऊ दे, दादा" म्हणायचं असतं. माझ्या ओठापर्यंत आलं होतं. मी फडकं घेतलं आणि एक कप पुसला.

"हो," मी म्हटलं.