बन्सीधररावांनी जुळवलेलं इंजिन

"लोखंडाचं काय घेऊन बसलाव? आमी माणसं जुळवलीत, माणसं!" असं बन्सीधरराव छाती ठोकून म्हणाले, तेव्हाच कुणीतरी त्यांचं तोंड दाबायला पाहिजे होतं. पण दाबणार कोण? पंचक्रोशीतल्या निम्म्या सोयरिकी याच माणसानं जुळवलेल्या!

वडिलांची अँबॅसिडर दहा वर्षं गोठ्यात कडब्याखाली पडली होती. इंजिन केव्हाच वारलेलं. आणि या गृहस्थानं भर बैठकीत लेकीच्या सासऱ्याला, पेडगावच्या बजरंगरावांना, शब्द दिला, "माजी भक्ती आज्याच्या गाडीतूनच सासरी यील. न्हाई आली तर पुन्यांदा सोयरिकीचं नाव घेणार न्हाई!" बजरंगराव गालात हसले. त्यांच्या दारात नवीकोरी गाडी उभी होती.

सेलूचा मिस्त्री सुगत टेप घेऊन आला. "मामा, इंजिन, गिअरबॉक्स, अॅक्सल, समदं एकमेकाला जुळाय पायजे. आदी मापं घेतो."

"मापं कशाला? आदी घराणं बघावं!"

घराणं चारठाण्यात निघालं. मेहुणे महारुद्र यांची भंगारातली जीप! बन्सीधररावांनी रीतसर बघण्याचा कार्यक्रम केला. पोहे खाल्ले, चहा घेतला, इंजिनाचा आवाज ऐकला अन् तिथंच सुपारी फोडली. सुपारी फुटल्यावर स्थळ कुणी परत करतं का? खुशीत येऊन मेहुण्यानं जीपचा मागचा अॅक्सलही आहेर म्हणून दिला.

इंजिनासाठी बॉनेटला भगदाड पाडावं लागलं. अॅक्सल तर बसेचना. सुगत घामाघूम झाला.

"मामा, सरळ बसना. उलटा केला तर बसायलाय, पण..."

"पण गेला खड्ड्यात! संसारात कोण सरळ बसतंय? बसव!"

लग्नाच्या आदल्या दिवशी गाडी विटांवर चढवली. चाकं गरगर फिरली, नारळ फुटला. सुगत म्हणाला, "एक चक्कर मारून बघू." बन्सीधरराव खवळले. "खबरदार! पयल्यांदा माजी पोरगीच बसंल!" मग भावकीनं गाडी ढकलत मांडवाच्या दारात आणली.

पाठवणीची वेळ झाली. बायकांनी हंबरडा फोडला. नवरानवरी मागं बसले, सुगतनं गिअर टाकला आणि गाडी सुसाट मागं! मांडवाचा खांब गेला, बुंदीचं पातेलं उलथलं. रडणं जागीच बंद!

"यिवाई," बजरंगराव म्हणाले, "पोरगी द्यायचीय का ठिवून घ्यायचीय?"

सुगत कानाशी लागला. "अॅक्सल उलटा, म्हणून चाकं उलटी फिरायलीत. चारीच्या चारी गिअर मागं जायलेत, मामा!"

"मग रिव्हर्स टाक की!"

टाकला. गाडी वीतभर पुढं सरकली, कड्डकन आवाज झाला आणि रिव्हर्सचे दात गेले. बजरंगरावांनी आपल्या ड्रायव्हरला खूण केली. चालली बन्सीधररावांची चाळीस वर्षांची इज्जत!

तेवढ्यात भक्तीनं खिडकीतून डोकं काढलं. "बाबा, गाडीचं तोंड फिरवा. म्हागं तर म्हागं! मी याच गाडीत जाणार हाय!"

बन्सीधररावांना आता खरंखुरं रडू फुटलं. भावकीनं गाडी फिरवली, सुगतनं मान मागं वळवली आणि अँबॅसिडर डिक्की पुढं करून पेडगावकडं निघाली.

आता पाठवणीचं रडणं गाडीनं पाठ फिरवली की आवरायचं असतं. इथं नवरीचं तोंड माहेराकडंच! तीन किलोमीटर सरळ सडक! ती तिकडून हात हलवतेय म्हटल्यावर इकडं थांबणार कोण? कडूबाई आत्याचा घसा बसला. शेवटी नवरीची आई पार्वतीबाई नवऱ्यावर करवादल्या, "आवं, ही दिसायची कवा बंद व्हईल? रडून रडून जीव जायलाय माजा!"

तासाभरानं बजरंगरावांचा फोन आला. "पोचली वो पोरगी. पण गाडी डिक्कीकडून दारात आली. भाकर-तुकडा वोवाळायचा कुणावरून? आमच्या मालनबाईनं डिक्कीवरूनच वोवाळला! अन् सूनबाई अजून तिकडंच तोंड करून बसलीय. कुणाकडं बघायलीय काय की!"

"माज्याकडं," बन्सीधरराव उपरणं डोळ्याला लावून म्हणाले. "यिवाई, जुळलं म्हणायचं मग!"

"जुळलं की! मांडवपरतणीला न्यायला तुमीच या. फकस्त येताना दोन बैल आना. गाडी आता म्हागं बी जाईना!"