पार्सल आलंच नाई

स्वतःच्या हातावर बॉलपेनने चौकोन आखून ठेवणाऱ्या बाईवर तुम्ही विश्वास ठेवाल का? मी ठेवला नव्हता.

नलूमावशी माझ्या नात्यातली नाही. वर्ध्याजवळच्या आंजीत तिचं बांगड्यांचं दुकान आहे, म्हणून ती साऱ्या गावाची मावशी. तिच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत निळे चौकोन, काहींच्या आत लालसर चट्टा. विचारलं की म्हणायची, "काऊन वं? तुह्या हातावर आखले का?"

तिचा कशावरच भरोसा नाही. कंडक्टर "आंजी" म्हणून ओरडला तरी खिडकीतून खात्री करून मगच उतरणार. "इस्वास तं पानिपतातच मेला," हे तिचं पालुपद. ‘गोरेपणाची गुलामी झुगारा!’ हे माझं पत्रक मी तिच्या दुकानात वाटायला ठेवलं, तर तिने त्यात बांगड्या गुंडाळल्या.

"कागद चांगला हाये तुहा. एक बी बांगडी फुटली नाई."

"पण वाचलंत का?"

"वाचलं नं. खाली सही नाई कोनाची. बिनसहीच्या कागदावर इस्वास काऊन ठेवू?"

अशा बाईच्या पत्त्यावर गावातल्या मुलींची पार्सलं यायची. घरी कळू नये म्हणून. वर्ध्याच्या चामडीच्या डॉक्टरकडे जायची ऐपत नाही, मग फोनवर व्हिडिओ बघायचा, स्वस्तातलं आम्ल मागवायचं आणि मोरीत आरसा टेकवून घरच्या घरी ‘पील’ करायचं. मावशी हसायची, "पील म्हंजे सालटं नं? आलूचं सालटं काढलं तं आत आलूच निघते. सफरचंद निघते का?"

एकदा पाणी प्यायला मी मागच्या खोलीत गेले. फळीवर तसल्या नऊ बाटल्या, सगळ्यांची सीलं फोडलेली. माझं डोकं तापलं. समोर टिंगल करते आणि मागून हेच विकते! पुढच्या पत्रकाचा मथळा उभ्या उभ्या तयार झाला.

त्याच आठवड्यात अश्विनी आली. रविवारी तिला पाहायला पाहुणे यायचे होते आणि त्याआधी चेहरा उजळायला हवा होता.

"मावशी, माह्यं पार्सल?"

"आलंच नाई."

"फोनवर तं पोहोचलं म्हणून दाखवून राह्यलं!"

"फोनवर काय बी दावते."

अश्विनीने खोके उलथेपालथे केले. मग रडत ओरडली, "चोर हायेस तू मावशी! साऱ्या गावाले सांगीन मी!" बांगड्या भरायला बसलेल्या चार बायकांदेखत. मावशीने पदर गालापर्यंत ओढला.

बायका गेल्यावर मी सरसावले. "पार्सल आलं होतं मावशी. मी बाटल्या पाहिल्यात."

तिने पदर सोडला. जबड्याजवळ रुपयाएवढा डाग, भाजल्यासारखा काळा.

"हे अश्विनीचं."

मग कळलं. प्रत्येक पार्सल ती हळूच उघडायची, एक थेंब स्वतःच्या हातावर लावायची, भोवती चौकोन आखायचा आणि दिवसभर थांबायची. काही झालं नाही तर डिंकाने चिकटवून मुलीला द्यायची. आग झाली तर पार्सल आलंच नाई. या बाटल्या ती फेकतही नव्हती. नालीत ओतल्या तर बकऱ्या तोंड घालतील, हा आणखी एक संशय.

"मग गालावर कशाला लावलंत?"

"हाताची चामडी निबर झाली वं. तिले आता काई समजत नाई. चेहऱ्याचं चेहऱ्यालेच समजते."

"अहो, तिला सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तं दुसरी बाटली मांगवली असती, दुसऱ्याच्या पत्त्यावर. चोर म्हनते तं म्हनू दे. रविवार तं निघून जाते." पदर परत गालावर घेत म्हणाली, "अन् कोनालेच सांगू नोको. पोरीले लाज वाटीन." मी तसा शब्द दिला.

रविवारी पाहुणे आले, पोहे खाऊन गेले. अश्विनीचा चेहरा होता तसाच राहिला, आईवर गेलेला, सावळा, नितळ. पाहुण्यांबद्दलचं माझं मत छापण्याजोगं नाही. पण ‘चोर’ हा शब्द गावात राहिला. मुलींनी पत्ता बदलला. बांगड्याही आता त्या दुसरीकडे भरतात.

परवा गेले तर भर दुपारी मावशी रिकाम्या दुकानात बसलेली. मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "आता कोनाच्या पत्त्यावर येतात वं पोरींचे पार्सलं? तिथं उघडून पाह्यते का कोनी?"



म्हणून एक विनंती. आंजीकडची एखादी अश्विनी तुमच्या ओळखीची असेल, तर हे तिला वाचून दाखवा, मोठ्याने. कोणाला सांगणार नाही असा शब्द मी दिलाय. तुम्ही दिलेला नाही.