सुमतीअक्कांचा चिमटा

सुमतीअक्का नमस्कार करत नाहीत. चिमटा काढतात.

तुम्ही समोर आलात की तुमचा हात धरतात, पंजाच्या पाठीवरची कातडी दोन बोटांत उचलतात, सोडतात आणि "ब्येस हाय" म्हणतात. पोस्टमन, भाजीवाली, गॅसवाला, सगळे तपासून झालेत. एक उमेदवार मतं मागायला आले, तर त्यांनाही सोडलं नाही. "कातडी जाड हाय, पण रोग न्हाय," असा निकाल दिला.

शिवाजी पेठेत माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर अक्का एकट्या राहतात. अक्का डॉक्टर आहेत, पण गोळ्या देणाऱ्या नव्हेत, प्रयोगशाळेतल्या. उभा जन्म एकाच आजाराच्या मागे लागल्या आहेत. हा आजार म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "आपलीच तालीम आपल्याच पोरांस्नी हाणाय लागली तर काय हुईल? तसं." शरीराचे पहारेकरी शरीरालाच शत्रू समजून झोडपतात. मग डागडुजीला गवंडी येतो, म्हणजे जखम भरणाऱ्या पेशी. तो भेगा बुजवतो, इथवर ठीक. पण या आजारात तो थांबतच नाही. गिलाव्यावर गिलावा चढवत राहतो. कातडी दगडासारखी होते, पुढे फुप्फुसंही आवळत जातात.

"गवंडी थांबत न्हाय" हे अक्कांचं पालुपद. सभेत वक्ता लांबला, पंगतीत आग्रह सुरू झाला, माझी बडबड आवरेना, की अक्का हे पुटपुटणार.

गेल्या वर्षी त्यांचा एक शोधनिबंध परदेशात छापून आला आणि कुठल्या कुठल्या देशांतले लोक त्याच्या आधारानं पुढचं काम करू लागले. "ह्यालाच इम्पॅक्ट म्हंत्यात," अक्का म्हणाल्या. आमच्या धंद्यात इम्पॅक्ट म्हणजे बारा बाय वीस फूट, भर चौकात. आमच्या तालीम मंडळानं ठरवलं, अक्कांचा फ्लेक्स लागलाच पाहिजे. मजकूर मी लिहायचा.

माझ्या मजकुराची कीर्ती इथं सांगायला हवी. एकदा फुटबॉलच्या फायनलच्या आदल्या दिवशीच मी आमच्या टीमच्या विजयाचा फ्लेक्स छापून ठेवला. टीम तीन गोलांनी हरली आणि मी आठ दिवस मागच्या दारानं दुकानात जात होतो. तरी शहाणपण आलं नाही. अक्का परिषदेला परगावी निघाल्या होत्या, त्यांना जिन्यातच गाठून विचारलं, नेमकं सापडलं काय?

"गवंडी वळखू आला. थांबवायचा कसा, ते अजून न्हाय."

आता हे काय फ्लेक्सवर लिहायचं? मी लिहिलं, "असाध्य रोगावर औषध सापडले! पेठेची वाघीण!" खाली बावीस शुभेच्छुकांचे फोटो. अक्का परगावी असतानाच फ्लेक्स चौकात चढला.

अक्का परतल्या त्याच सकाळी शिरोळहून एक बाई दुकानात आली. रत्नाबाई, चाळिशीची. भावानं तिला मोबाईलवर आमच्या फ्लेक्सचा फोटो पाठवला होता. तिची बोटं वाकडी, चकचकीत, ताठ. म्हशीची धार काढता येत नव्हती, वेणी घालायला सासू लागायची. "औषध कुठल्या खिडकीवर मिळतंय, पावणं?" तिनं विचारलं.

मी तिला वर नेलं. अक्कांनी सवयीनं हात धरला आणि चिमटा काढायला गेल्या. कातडी उचललीच गेली नाही. मग तिच्या मोबाईलवरचा फ्लेक्स त्यांनी नीट वाचला, शुभेच्छुकांसकट, आणि माझ्याकडे वळल्या.

"लिवलंस तू. आता तूच सांग हिला."

पेठेत माझ्या तोंडी लागायची कुणाची छाती नाही. त्या दिवशी मी मोबाईलवरचे शुभेच्छुक मोजत उभा राहिलो. शेवटी अक्काच बोलल्या. "औषध न्हाय, बाई. ह्यानं खोटं लिवलंय." रत्नाबाई मोबाईल पिशवीत टाकून उठू लागली. अक्कांनी तिचा हात सोडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्या स्वतः तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेल्या, फुप्फुसं तपासून घेतली. रोगाला निदान संथ करतील अशा गोळ्या तिथल्या डॉक्टरांनी सुरू केल्या. मला शिक्षा झाली. त्याच चौकात, तेवढाच फ्लेक्स: "औषध सापडलेले नाही. शोध चालू आहे. चूक दुकानदाराची." तालमीची पोरं फोटोंवर अडून बसली. त्यामुळे औषध न सापडल्याबद्दलही बावीस शुभेच्छुक झळकले.

तो फ्लेक्स लावून आल्यावर, मान खाली घालूनच, मी अक्कांना विचारलं, आम्हा धडधाकट माणसांना चिमटे कशाला काढता? म्हणाल्या, "माझ्याकडं काचपट्टीवर येती ती समदी दगडी कातडी. मऊ कशी लागती, ते इसराय नगं."

आता दर गुरुवारी दवाखान्यातून निघाली की रत्नाबाई अक्कांकडे येते. गेल्या गुरुवारी मी चहा घेऊन वर गेलो आणि दारातच थबकलो. अक्कांनी आपला हात टेबलावर ठेवला होता आणि रत्नाबाई त्याला चिमटा काढू बघत होती. बोटांचा व्यायाम. अंगठा आणि बोट जवळ यायचे, पण भेटायचे नाहीत. तिच्या कपाळावर घाम आला होता. पाचव्या की सहाव्या खेपेला भेटले. अक्कांची सुरकुतलेली कातडी जराशी उचलली गेली.

अख्ख्या पेठेचे हात धरणाऱ्या अक्कांचा हात कुणी धरलेला मी पहिल्यांदाच बघत होतो.

"लागलं व्हय, अक्का?" रत्नाबाईनं विचारलं.

अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. "न्हाय," म्हणाल्या. "पुन्हा काढ."