वजनकाट्यावरचा हात

मोकाशीसाहेब कोणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी सांगतात, "पंखा बंद करा."

मे महिन्यात मिरा रोडला पंखा बंद करणं म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. पण ते सांगतात आणि लोक मुकाट्याने करतात. आमच्या सिल्व्हर पार्कच्या बिल्डिंगमध्ये एकदा सत्यनारायणाच्या पूजेत त्यांनी गुरुजींना असं घामाघूम केलं होतं की पाचव्या अध्यायापर्यंत गुरुजी अक्षरशः धावत पोचले. कारण विचारलं तर म्हणतात, वाऱ्याने काटा हलतो. समोर काटा असो वा नसो.

साहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानांतले तराजू तपासायचे, वजनांवर शिक्का मारायचा, खोटं माप सापडलं की खटला भरायचा. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. खात्याने त्यांना सोडलं, पण त्यांनी खात्याला सोडलेलं नाही. केबिन रोडला भाजी घ्यायला गेले की आधी "पहले झीरो दिखाव" म्हणतात, मग पारड्याखाली हात घालून चुंबक चिकटवलाय का ते चाचपतात आणि मगच टोमॅटोकडे वळतात. एका भाजीवाल्याने मला हळूच विचारलं होतं, "भाभीजी, ये साहब का ट्रान्सफर नहीं होता क्या?"

त्यांचं चालत नाही ते फक्त कोळणीपुढे. ती बोंबलांचे वाटे लावून बसते आणि वाट्याला वजन नसतं. साहेब दर रविवारी तिच्यासमोर उभे राहून विचारतात की वाटा म्हणजे नेमका किती. ती म्हणते, "वाटा हाय, सायेब. वजन न्हाय. डोल्याला बरा वाटला तं घ्या." साहेब तोंड कडू करून घेतात. घरी येऊन त्या बोंबलांचं वजन करतात आणि एका वहीत लिहून ठेवतात.

या माणसाच्या उजव्या हाताचा अंगठा सहा वर्षांपूर्वी आपोआप हलायला लागला. पत्नी गेल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं, मुलगी बंगळूरला, म्हणून डॉक्टरांकडे सोबतीला मी आणि माझे यजमान गेलो होतो. आमची दारं समोरासमोर आहेत आणि आमच्या बेडरूमची भिंत एक आहे. डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितलं. साहेबांनी विचारलं, "किती आहे?" डॉक्टर म्हणाले, सध्या थोडंसं आहे. "थोडंसं म्हणजे किती ग्रॅम?"

डॉक्टर हसले. साहेब हसले नाहीत. परत येताना त्यांनी स्वयंपाकघरात कणीक मोजायला वापरतात तसला डिजिटल काटा विकत घेतला, टेबलावर ठेवला, पंखा बंद केला आणि त्यावर उजवा हात सैल सोडून ठेवला. आकडे खालीवर नाचायला लागले. सगळ्यात मोठ्या आकड्यातून सगळ्यात छोटा वजा केला, तो त्यांचा "फरक". पहिल्या दिवशी तो अठरा ग्रॅम भरला. डॉक्टरांनी पुढे दहादा समजावलं की या आकड्याला वैद्यकीय अर्थ काहीही नाही. साहेबांनी दहाही वेळा मान डोलावली आणि घरी येऊन हात काट्यावर ठेवला.

माझी मुलगी नोकरीसाठी पुण्याला जायच्या आधी त्यांना ब्लॉग काढून देऊन गेली. नाव त्यांनीच ठेवलं, "आजचा फरक". रोज सकाळी सात वाजता नोंद. "हवा दमट. पंखा बंद. उजवा हात, फरक एकवीस ग्रॅम. डावा हात, निर्दोष. शर्टाची बटणं लावण्यास अकरा मिनिटं लागली. नोंद घ्यावी." मला वाटलं होतं की हे कोण वाचणार. पण दोन महिन्यांत मिरजेच्या एका निवृत्त मास्तरांनी खाली लिहिलं की आमच्याकडे साखरेचा काटा आहे, त्यावर चालेल का. मग नागपूरचे एक आजोबा आले, नाशिकच्या एक ताई आल्या. वर्षभरात तीस-चाळीस माणसं रोज सकाळी आपापल्या घरात पंखा बंद करून काट्यावर हात ठेवायला लागली. ब्लॉगखालचा मजकूर वाण्याच्या यादीसारखा दिसायचा. नाशिक, बावीस. मिरज, सव्वीस, काल शिरा झाला होता. नऊपर्यंत कोणाची नोंद आली नाही की साहेब लिहायचे, "तपासणी टाळण्याचे कारण कळवावे." कारण लगेच यायचं. त्या आजाराबद्दल घरच्यांशी एक शब्द न बोलणारी माणसं इथे साहेबांना बटणांची मिनिटं कळवायची.

मी जात्याच भित्री. साहेबांच्या आजारपणात माझी भीती वाढतच गेली. भिंतीपलीकडे स्टूल सरकलं तरी मी लाटणं हातात घेऊन कानोसा घेत उभी राहते, की आता धप्प असा आवाज येणार. एकदा तर मी स्वतःचाच हात आमच्या काट्यावर ठेवून पाहिला. सात ग्रॅम. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. शेवटी रडत रडत साहेबांना सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, पंखा चालू होता का. होता. त्यानंतर खात्याच्या भाषेत त्यांनी माझी जी खरडपट्टी काढली, ती माझ्या सासूबाईंनाही कधी जमली नव्हती.

गेल्या दिवाळीनंतर त्यांची बोटं कीबोर्डवर चालेनाशी झाली. एक अक्षर दाबायला जावं तर सात उमटायची. म्हणून रोज पावणेसातला मी जाऊन बसायला लागले. ते सांगणार, मी टाइप करणार. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "उजवा हात, पस्तीस."

माझी नजर काट्यावर होती. फरक ब्याण्णवचा होता.

मला वाटलं, माझा चष्मा बदलायला झालाय. दुसऱ्या दिवशी नीट पाहिलं. अठ्ठ्याण्णव. साहेब म्हणाले, पस्तीस. मी टाइप केलं. ज्या माणसाने दहा ग्रॅमसाठी दुकानदारांवर खटले भरले, तो माझ्यादेखत माप मारत होता. मी घाबरत घाबरत विचारलं. त्यांनी आधी पंखा चालू असल्याचं सांगून पाहिलं. पंखा बंद होता, माझ्या पाठीवरून घाम वाहत होता.

मग त्यांनी मला दीड वर्षापूर्वीचा एक मजकूर उघडून दाखवला. कराडजवळच्या एका शाळेतल्या चित्रकलेच्या बाई, स्वाती नाव, वय एक्केचाळीस. त्यांनी लिहिलं होतं, "काका, आजारात तुम्ही माझ्या चार वर्षं पुढे आहात. मी उठले की आधी तुमचा आकडा बघते. तो जागेवर असला की मला वाटतं, अजून चार वर्षं तरी माझ्या हातात खडू राहील." त्या दिवशी साहेबांचा आकडा पस्तीस होता. तेव्हापासून तो पस्तीसच होता. मधूनच चौतीस, मधूनच छत्तीस, संशय येऊ नये म्हणून.

"वहिनी, माझा हात मी बघू शकतो," ते म्हणाले. "तिला बघवणार नाही."

मी रोज पस्तीस टाइप करत राहिले. भीती मात्र दुप्पट झाली. आधी फक्त ते पडतील याची होती, आता ते पकडले जातील याचीही.

आणि फेब्रुवारीत स्वातीबाईंचा निरोप आला. मावसबहिणीचं लग्न मिरा रोडपासून जवळच, खारीच्या एका हॉलमध्ये आहे, दुपारी दोनला तुम्हाला भेटायला येते.

साहेबांनी ही भेट एखाद्या धाडीसारखी आखली. गोळी घेतल्यावर पाऊण तासाने त्यांचा हात शांत होतो आणि दोन तास तसा राहतो. म्हणजे गोळी सव्वाला, बाई दोनला, चार वाजायच्या आत निरोप. काटा कपाटात. मी हजर राहायचं आणि साडेतीनपासून घड्याळाकडे बघून जांभया द्यायच्या. चहा मी करते म्हटलं तर ऐकेनात. पाहुण्यांसमोर चहा स्वतः करून दाखवणं हा त्यांच्या बचावाचा भाग होता.

दोन वाजले, अडीच वाजले, बाईंचा पत्ता नाही. फोन केला तर वधूपक्षाचे फोटो चालू होते. तीन झाले. साहेब खुर्चीवर ताठ बसून स्वतःच्या हाताकडे एकटक बघत होते. जास्तीची गोळी घेता येत नाही का, असं मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

बाई आल्या सव्वाचारला. लग्नातली जरीची साडी, केसात गजरा, हातात लाडवांचा डबा. वाकून नमस्कार केला. साहेबांनी त्याआधीच उजवा हात पँटच्या खिशात घातला होता. बोलणं सुरू झालं, कराड, शाळा, लग्न. पाच मिनिटांत खिशातल्या किल्ल्या वाजायला लागल्या. साहेब मोठ्याने बोलायला लागले. किल्ल्या आणखी जोरात वाजल्या. मी जांभई द्यायची सोडून खोकायला लागले.

स्वयंपाकाचा ओटा त्याच खोलीच्या कोपऱ्यात, तिथे त्यांनी डाव्या हाताने चहा केला. ट्रे टेबलावर येईपर्यंत अर्धा चहा बशांमध्ये होता. बाईंनी तो पाहिला, किल्ल्याही ऐकल्या. म्हणाल्या, "काका, तुमचा काटा दाखवा ना. एवढं वाचलंय त्याच्याबद्दल."

साहेबांचा चेहरा उतरला. पण काटा दाखवायला नकार देणं त्यांच्या रक्तातच नाही. काटा दाखवा, एवढं एकच तर त्यांनी उभ्या आयुष्यात दुकानदारांना सांगितलं होतं. मी कपाटातून काटा आणला. "पंखा," साहेब पुटपुटले. मी उठून बटण बंद केलं.

बाईंनी बांगड्या वर सरकवल्या आणि हात काट्यावर ठेवला. आकडे नाचले. साहेबांनी सवयीने हिशोब केला आणि दचकून वर पाहिलं. फरक बासष्टचा होता. ब्लॉगवर त्या रोज वीस लिहायच्या.

"वर्षभर खोटं लिहितेय काका," त्या म्हणाल्या. "तुमचं पस्तीस हलत नव्हतं आणि माझं महिन्या-महिन्याला वाढत होतं. मी गोळी चुकवत नाही, व्यायाम चुकवत नाही. तुमचं थांबलंय आणि माझंच का थांबत नाही, म्हणून मी रोज सकाळी बाथरूममध्ये जाऊन रडायचे. शेवटी लाज वाटायला लागली. नाशिकच्या ताईंना विचारलं, तर त्याही खोटंच लिहितात. मिरजेचे मास्तर तर चार महिने काट्याकडे फिरकलेलेच नाहीत, अंदाजाने लिहितात."

साहेबांकडे बघायचं धाडस मला होईना. खोट्या मापाचा अख्खा बाजार त्यांच्या काट्यापासून सुरू झाला होता आणि हे त्यांना माझ्यापेक्षा आधी कळलं होतं. चाळीस घरांतली चाळीस माणसं एकमेकांच्या खोट्या आकड्यांना भिऊन एकेकटी बसली होती.

साहेबांनी खिशातून हात काढला आणि काट्यावर ठेवला. टेबलावरच्या बशा किणकिणायला लागल्या. बाईंनी बराच वेळ पाहिलं आणि स्वतःच हिशोब केला.

"एकशे दहा," त्या म्हणाल्या. मग ट्रेकडे बघून विचारलं, "एकशे दहाला चहा करता येतो?"

"अर्धा सांडतो," साहेब म्हणाले.

बाईंनी बशीतला चहा कपात ओतला आणि सगळा प्यायल्या. साडेसहापर्यंत बसल्या. जाताना म्हणाल्या की शाळेत त्या डाव्या हाताने फळ्यावर काढायला शिकतायत, मुलं हसतात, पण आंबा ओळखतात.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला मी गेले, तेव्हा साहेब आधीच टेबलाशी बसले होते. रात्री झोपलेले दिसत नव्हते. त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं, "उजवा हात, फरक एकशे दहा ग्रॅम. गेल्या दीड वर्षातले माझे आकडे खोटे आहेत. दोष माझा. ज्याचा जो असेल तो खरा आकडा लिहावा." सात वाजले. मी बटण दाबणार तेवढ्यात ते म्हणाले, "थांबा."

मला वाटलं, धीर सुटला. पण ते डोळे मिटून काहीतरी आठवत होते.

"नागपूरचे आजोबा आता एकटे असतील. त्यांची सून मुलाला शाळेत सोडून आठला येते. नाशिकच्या ताईंची कामवाली साडेआठला. चिपळूणचे ते पूजेला बसलेत, त्यांची बायको नऊला मोकळी होते. सोलापूरच्या बाईंचा भाऊ दुकान उघडायच्या आधी डोकावून जातो." असं करत करत त्यांनी पस्तीसेक घरं मोजली. कोणाकडे कोण, किती वाजता असतं, ते सगळं त्यांना पाठ होतं. वहीत कुठेही लिहिलेलं नव्हतं. "साडेनऊला टाका. तेव्हा प्रत्येकाजवळ कोणीतरी असेल."

"आणि मिरजेचे मास्तर?" मी विचारलं. "त्यांना तर कोणीच नाही म्हणाला होतात."

"त्यांना मी त्या वेळी फोन लावून बसतो. वाचून होईपर्यंत."

आम्ही साडेनऊची वाट बघत बसलो. त्यांचा हात मांडीवर हलत होता आणि ते तो लपवत नव्हते. मला भयंकर भीती वाटत होती, त्यांना माझ्याहून जास्त वाटत असणार. मी विचारलं, "साहेब, आणि तुमच्याजवळ?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की काय हा खुळ्यासारखा प्रश्न.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही पावणेसातलाच आलात ना."