कल्हई

परब गुरुजी मुलांच्या आधी डब्यांची हजेरी घेत. मुलुंडच्या आमच्या प्राथमिक शाळेत पहिलीच्या वर्गाबाहेर रोज रांग लागे. एकेक मूल झाकण काढून उभं राही आणि गुरुजी डबा खिडकीशी नेऊन, भात चमच्याने बाजूला सारून, तळ बघत. कल्हई गेलेल्या पितळेत ताकभात किंवा आमटी दिसली, की ती केरात जाई आणि मुलाला गुरुजींच्या डब्यातली भाकरी मिळे. ते स्वतः बहुतेक दिवस चहावर असत.

मी तेव्हा नवा मास्तर होतो आणि शिक्षकांच्या खोलीत त्यांची नक्कल करत असे. बरी जमे. ‘पिवळ्यावर भुलू नये, पांढरं बघावं,’ हे त्यांचं पालुपद. कोणी नवा सदरा घालून आला, की मी त्याला खिडकीशी नेऊन कॉलर उलटी करून बघत असे. सगळे पोट धरून हसत.

कल्हईवाल्याची हाक ऐकू आली, की गुरुजी चालू वर्ग सोडून धावत. मैदानात भाता सुरू होई, नवसागराचा धूर वर्गात शिरे आणि सगळी पहिली खोकत खोकत पाढे म्हणे.

आयांना मात्र राग येई. ‘अहो, चिंचेने घासलाय. तोंड दिसतंय त्यात,’ एक आई तणतणत आली.

‘म्हणूनच वायट, बाय माझे,’ गुरुजी म्हणाले. ‘तू घासलंस ती कल्हईच घासलंस. आता आंबट घातलंस की कळकतलां, वीख होतलां त्याचां.’

मग एकदा तपासणीला साहेब आले. मधल्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला, आणि गुरुजी तो उचलून खिडकीशी घेऊन गेले. ‘तळ गेलाय, साहेब. आमटी खाऊ नका.’ साहेबांनी कोरडी पोळी खाल्ली आणि जाताना हेडमास्तरांना बाजूला घेतलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. हेडमास्तरांनी लिहिलेली चिठ्ठी घेऊन मी गुरुजींच्या चाळीत गेलो. उद्यापासून मुलांच्या डब्यांना हात लावायचा नाही, असा हुकूम होता.

ते एकटेच राहत. फळीवर दोन ताटल्या, एक पातेलं आणि एक लहानसा पितळी डबा. नकलेच्या सवयीने मी त्याचं झाकण काढलं. आत पांढरीशुभ्र कल्हई.

‘हा पास झाला म्हणायचा,’ मी म्हणालो. ‘यात जेवतं कोण?’

‘कोण नाय.’ त्यांनी डबा माझ्या हातातून घेतला. ‘केशवचो. माझो झील. पहिलीत होता.’

मग त्यांनी सगळं सांगितलं, धडा वाचावा तसं. ते तेव्हा गावच्या शाळेत शिकवत. बायको पंधरा दिवस म्हणत होती, डब्याची कल्हई गेलीय. कल्हईवाला दारावरून गेला, तर हे म्हणाले, पुढच्या खेपेला करू. केशव रडायला लागला, माझा डबा काळा, पोरं हसतात. मग गुरुजींनी स्वतः बसून चिंच आणि राख लावून तो घासला. सोन्यासारखा दिसायला लागला. पोरगा उड्या मारत शाळेत गेला. डब्यात ताकभात होता. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या आणि तिसऱ्या दिवशी केशव गेला. त्याची आईही मग फार दिवस राहिली नाही.

मला माझ्या नकलांची इतकी लाज वाटली, की मान वर होईना. चिठ्ठी मी खिशातून काढलीच नाही. सोमवारी ती हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी ती चुरगाळली. ‘साहेबांचं मी बघतो,’ म्हणाले. बाहेर पहिलीची रांग लागलीच होती.

महिन्याभराने कल्हईवाला आला. मुलांचे डबे झाले आणि शेवटी गुरुजींनी पिशवीतून तो लहान डबा काढला. कल्हईवाल्याने आत बघितलं, बोट फिरवलं.

‘गुर्जी, ही तर शाबूत आहे ना. सहा महिन्यांमागं मीच केली. कशाला परत?’

‘कर रे बाबा,’ गुरुजी म्हणाले. ‘तेव्हा एक डाव करूची ऱ्हवली.’