कंपाउंडातला साठ फुटी रस्ता

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत, पार्किंगच्या मधोमध परबकाका थांबतात, उजवीकडे बघतात, डावीकडे बघतात आणि मगच पलीकडे जातात. तिथून स्कूटरसुद्धा जात नसते. पण विकास आराखड्यात तिथं साठ फुटी रस्ता आहे, आणि काका रहदारीचे नियम पाळणारे.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. या माणसानं मला पिळून काढलंय.

"तुझी गाडी भर रस्त्यात उभी आहे रे."

"काका, ते माझं पार्किंग आहे."

"आज आहे. प्लॅन बघ."

वॉचमनला सांगतात, तुझी केबिन फुटपाथवर आलीय. गणपतीचा मंडप पडला की, "चौकात मंडप? ट्रॅफिकची वाट लावाल!" तुळशीचा कट्टा बांधायचा ठरला तेव्हा टेप लावून तो दुभाजकात येतो हे सिद्ध केलं. वर म्हणाले, "दुभाजकात झाड चालतं. राहू दे."

या रस्त्याच्या एका टोकाला देऊळ, दुसऱ्या टोकाला व्यायामशाळा, मध्ये नाला; त्यावरचा पूलही आराखड्यातच. वॉर्ड ऑफिसातला इंजिनिअर म्हणाला, "काका, रस्ता मंजूर आहे हो. फक्त जागेवर येत नाहीये." काकांनी येताना पेढे आणले. मंजूर आहे ना!

आणखी एक अडथळा म्हणजे आम्ही. यंदा खरंच मोजणी झाली, भिंतीवर लाल खुणा पडल्या, तशी सोसायटी हादरली. अर्धं पार्किंग जाणार! हरकतीचा अर्ज मीच लिहिला. सगळ्यांनी सह्या केल्या, काकांची तेवढी राहिली.

भाऊबीजेच्या संध्याकाळी ती घ्यायला गेलो, तर घराला कुलूप. काका मागच्या भिंतीपाशी, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढून, डोक्यावर टोपी घालून उभे. नाल्यापलीकडच्या इमारतीत, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, एक म्हातारी निरांजनाचं ताट घेऊन उभी.

"बरा आलास. खुर्ची धर, डुगडुगतेय. आक्का आहे माझी."

"रिक्षानं जायचं ना काका!"

"दुपारी निघालो होतो. वळसा केवढा, त्यात खोदकाम. कंबर धरली, अर्ध्यातून परत आलो. पूल झाला की चालत जाता येईल म्हणून तर फ्लॅट इथं घेतला. आता ती नव्वदीला टेकली रे."

आक्कानं तिकडून हवेतच ओवाळलं. काकांनी कुंकवासाठी कपाळ पुढं केलं. मी खुर्ची घट्ट धरून ठेवली.

"बाबल्या, ह्यो कोण रे?"

"आमचो सेक्रेटरी गे! बरो माणूस आसा!"

तिनं ताट पुन्हा उचललं आणि मलाही ओवाळलं.

ओवाळल्यावर ताटात काहीतरी घालायचं असतं. माझ्या खिशात तो अर्ज होता. तो मी अजून पाठवलेला नाही. फाडलेलाही नाही, हे खरं सांगतो.